दलालीत खोटं बोलावंच लागतं का? रिअल इस्टेटमध्ये उतरू पाहणाऱ्या एका एमआरला उत्तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वय एकतीस, औषध कंपनीत आठेक वर्षं एमआर, हडपसरला स्वतःचा वन बीएचके आणि त्याचा हप्ता चालू, बायकोला नोकरी, मुलगी बालवाडीत. मित्र चॅनेल पार्टनर आहे, म्हणजे बिल्डरच्या नव्या प्रकल्पांना कमिशनवर ग्राहक आणून देतो, गेल्या दसऱ्याला एका फ्लॅटमागे त्याला दीड लाख मिळाले. नोकरी सोडून या धंद्यात यावं का, आलो तर कोणत्या बाजूने, भांडवल किती, ऑफिस लागेल का, हे तुमचे प्रश्न. आणि सगळ्यात खाली एक ओळ: वडिलांचा विरोध आहे, ते म्हणतात दलालीत खोटं बोलावंच लागतं.

मी पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात वीसेक वर्षं रिसेलचं, म्हणजे जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीचं, आणि भाड्याचं काम करते. तुमच्या सगळ्या प्रश्नांकडे येते, पण सुरुवात वडिलांच्या वाक्यापासून करते. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, निर्णय मात्र त्यावरच व्हायला हवा असं मला वाटतं.

वडिलांचं म्हणणं उडवून लावू नका. या धंद्यात पैसा कसा येतो ते बघा, म्हणजे ते असं का म्हणतात ते कळेल. व्यवहार झाला तरच दलाली. महिनाभर फिरलात, वीस घरं दाखवलीत, सुट्टीचे दिवस घालवलेत, आणि शेवटी ग्राहकाने बेत रद्द केला तर हातात शून्य. आता समजा एका जोडप्याला एक फ्लॅट मनापासून आवडलाय. त्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतात आणि खाली जे पार्किंग दाखवलं ते करारनाम्यात कुठेच नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी विचारलेलं नाही. सांगितलंत तर व्यवहार बहुतेक मोडेल, गप्प बसलात तर ऐंशी हजार मिळतील. आणि मुलीच्या शाळेची फी याच महिन्यात भरायची आहे.

अशा वेळी माणूस वाईट असतो म्हणून गप्प बसतो असं मी म्हणणार नाही. बरेचदा घरात पैसे नसतात म्हणून गप्प बसतो. मी हे इतक्यांच्या बाबतीत पाहिलंय की आता कुणी 'मी या लाइनमध्ये येऊ का' विचारलं, तर त्याचं बोलणं कसं आहे, इंग्रजी येतं का, हे मी बघतच नाही. एक वर्ष एकही दलाली आली नाही तरी घर चालेल एवढी सोय आहे का, एवढंच विचारते. घरखर्च, हप्ता, विमा, फी, आई-वडिलांची औषधं, सगळं धरून. ती सोय असेल तर या धंद्यात खोटं न बोलता राहता येतं. नसेल तर चांगल्या घरातली, चांगल्या वळणाची माणसंही सहा महिन्यांत 'ग्राहकाने विचारलं नाही, मी सांगितलं नाही' या वळणावर येतात. तेव्हा वडिलांना उत्तर द्यायचं असेल तर आधी बँकेचं पासबुक दाखवा.

आता मित्राच्या दीड लाखांबद्दल. ते खरे असतील. पण ते कधी मिळाले, किती महिन्यांच्या कामानंतर मिळाले, आणि त्या दरम्यान किती बुकिंग रद्द झाली, हेही त्याला विचारा. चॅनेल पार्टनरला बिल्डर साधारण दोन टक्के देतो, प्रकल्प अडला असेल किंवा नवा असेल तर जास्तही देतो. आकडा मोठा दिसतो. मात्र ग्राहकाने ठरलेली रक्कम भरली, करारनामा नोंदला गेला, की मगच तुम्ही बिल लावायचं. बिल लावल्यावर पैसे यायला कागदावर दीड-दोन महिने लिहिलेले असतात, प्रत्यक्षात किती ते त्या बिल्डरच्या तब्येतीवर. येतानाही टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापून येतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी घ्यावी लागते. आणि आजकाल ग्राहकच सरळ विचारतो, 'तुमच्या कमिशनमधले मला किती परत देणार?' शेजारचा पार्टनर निम्मे द्यायला तयार असतो.

शिवाय टॅगिंग, म्हणजे हा ग्राहक कुणी आणला याची बिल्डरकडची नोंद. तुम्ही एका डॉक्टरसाहेबांना तीन रविवार गाडीत घालून मांजरी, वाघोली, उंड्री फिरवता. चौथ्या रविवारी साइटवर नेता, तर रिसेप्शनवरची मुलगी मोबाइल नंबर टाकून म्हणते, 'सर, हे कस्टमर ऑलरेडी आमच्या सिस्टीममध्ये आहेत.' म्हणजे डॉक्टरसाहेबांनी महिन्यापूर्वी रात्री फोनवर एक जाहिरात उघडून नंबर भरला होता, किंवा दुसऱ्या पार्टनरने त्यांचं नाव आधीच नोंदवून ठेवलं होतं. तुमचे तीन रविवार गेले. यात कायद्याने कुणी तुमचं काही देणं लागत नाही. त्यामुळे साइटवर जाण्याआधी लेखी टॅगिंग आणि त्याची मुदत किती दिवसांची, हे विचारायचं असतं. मित्राने हे सांगितलं नसेल तर त्याने तुम्हाला धंद्याची फक्त दसऱ्याची बाजू सांगितली आहे.

रिसेलचं गणित वेगळं. दर कायद्याने ठरलेला नाही, रिवाजाने चालतो. पुण्यात दोन्ही बाजूंकडून साधारण एकेक टक्का धरा, कुठे घेणाऱ्याकडून दोन. ८० लाखांच्या फ्लॅटला तुम्ही एकटेच मध्यस्थ असाल तर दीड लाखाच्या वर, पण बहुतेक वेळा विकणाऱ्याचा एजंट वेगळा आणि घेणाऱ्याचा वेगळा. प्रत्येकाने आपल्या पार्टीकडून घ्यायचं. म्हणजे ऐंशी हजार, तेही घासाघीस होऊन पन्नास-साठ. टोकन दिल्यापासून हे पैसे हातात यायला सगळं सुरळीत असेल तर दोन-तीन महिने. भाड्याचं काम छोटं पण लवकर पैसे देणारं: पंधरा दिवसांपासून एका महिन्याच्या भाड्यापर्यंत, आणि आठवड्याभरात हिशोब मिटतो. नव्या माणसाने सुरुवात भाड्यानेच करावी असं मी म्हणते त्याचं एक कारण हे. दुसरं कारण, भाड्याच्या निमित्ताने तुम्ही इमारतीच्या आत जाता. लिफ्ट कोणत्या वर्षाची, सेक्रेटरी कोण, गळती कुठल्या विंगला, हे आत गेल्याशिवाय कळत नाही, आणि पुढे रिसेल करताना तीच माहिती कामी येते.

'रिअल इस्टेट' म्हणजे एकच एक काम नाही हेही लक्षात घ्या. बिल्डरकडे पगारी सेल्समध्ये जाता येतं. तिथे फोनवर ग्राहक आणणारे वेगळे, चॅनेल पार्टनर सांभाळणारे सोर्सिंगवाले वेगळे, साइटवर बसून व्यवहार पक्का करणारे क्लोजिंगवाले वेगळे. पगार असतो, इन्सेंटिव्ह असतो, टार्गेटही असतं. तुम्ही त्यातूनच आला आहात, तेव्हा त्यात नवं काही नाही. फक्त शनिवार-रविवार कायमचे गेले. जमिनीच्या व्यवहारात मात्र नव्या माणसाने हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सातबारा, फेरफार, कुळाची नोंद, तुकडेबंदी, एनए म्हणजे बिगरशेती वापर, रस्त्याचा हक्क यातली एक गोष्ट सुटली तर कुणाची तरी आयुष्यभराची पुंजी अडकते. शहराबाहेर गुंठा-दोन गुंठे विकणारे लोक जास्त कमिशन देऊ करतात. ते जास्त का आहे, हा प्रश्न स्वतःला विचारा. ज्याच्या सातबाऱ्यावर नाव लागेल की नाही याची खात्री तुम्हाला नाही, ते दुसऱ्याला विकायचं नाही.

कागदांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण दलालाचं खरं काम तिथे आहे आणि बाहेरून ते दिसत नाही. लोकांना वाटतं आम्ही घरं दाखवतो. घर तर आता मोबाइलवरही दिसतं.

कर्वेनगरमधला एक फ्लॅट, नव्वदच्या आसपासची इमारत, दुसरा मजला, हवेशीर. वडील वारलेले, शेअर सर्टिफिकेटवर थोरल्या मुलाचं नाव चढलेलं. घेणारं जोडपं तरुण, कर्ज मंजूर, दोघांनाही घर इतकं आवडलेलं की पडदे कुठले लावायचे यावर त्यांचं बोलणं चाललं होतं. थोरल्याने फाइल समोर ठेवली. गंजलेल्या टाचण्या, जुना करारनामा, कर पावत्या. मी विचारलं, सोसायटीने नाव कशाच्या आधारावर चढवलं? म्हणाला, 'वडिलांनी मला नॉमिनी केलं होतं ना.' भावंडं किती? एक भाऊ इथेच, एक बहीण नाशिकला. मृत्युपत्र? नाही. हक्कसोडपत्र? 'त्याची काय गरज? नॉमिनी मी आहे.'

तो खोटं बोलत नव्हता. पुण्यातल्या बऱ्याच जुन्या सोसायट्यांत लोकांची हीच समजूत आहे. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते हे बरोबर, पण त्याने बाकीच्या वारसांचा हिस्सा संपत नाही. तिघांचाही हक्क उभा आहे. बँकेच्या वकिलाने हे पहिल्याच वाचनात पकडलं असतं, आणि बँकेने पकडलं नसतं तर पाच-सात वर्षांनी बहिणीच्या मुलांनी पकडलं असतं, तेव्हा घरात हे जोडपं राहत असतं.

मग त्यांच्याच दिवाणखान्यात बैठक झाली. बहीण नाशिकहून आली. धाकटा लगेच तयार. बहीण बराच वेळ बोलली नाही, चहा झाला, मग म्हणाली, 'मी सही करीन. पण आईच्या पाटल्या कुठे गेल्या ते आधी दादाने सांगावं.' त्यानंतर फ्लॅटचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

थोरल्याचा आग्रह होता की जोडप्याने दोन लाख टोकन देऊन ठेवावं, सही तो आणून देईल. मी त्या दोघांना सांगितलं, हक्कसोडपत्र नोंदल्याशिवाय एक रुपया देऊ नका. थोरला माझ्यावर चिडला. तीन महिने थांबून त्या जोडप्याने वारज्याला दुसऱ्याच एजंटकडून घर घेतलं. कर्वेनगरच्या त्या फ्लॅटचा पुढे केव्हातरी भावंडांनी आपापसात समझोता केला आणि तोही दुसऱ्याच कुणीतरी विकला. मला त्यात काहीच मिळालं नाही, आणि पुन्हा तसंच घडलं तर मी पुन्हा तेच सांगेन. तुम्हाला हे वाचून 'मग काय उपयोग' असं वाटलं, तर थांबून त्यावर विचार करा. कारण या कामात असे व्यवहार अपवाद नाहीत. मूळ करारनामा हरवलेला, मुलगा अमेरिकेत आणि त्याचं कुलमुखत्यारपत्र यायचंय, विकणाऱ्याचं आधीचं कर्ज फिटलंय पण बँकेकडून मूळ कागद परत घेतलेले नाहीत, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नाही. दर दोन-तीन व्यवहारांत यातलं काहीतरी निघतंच. ते निघाल्यावर ज्याला कंटाळा येतो त्याचं इथे मन रमत नाही. ज्याला ते सोडवावंसं वाटतं, वकिलाला फोन करावासा वाटतो, दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढावीशी वाटते, त्याला हे काम आवडतं. इतकं सरळ आहे ते.

घेणाऱ्याला त्याचा फायदाही तुमच्यामुळेच कळतो. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासह ७ टक्के, ८० लाखांवर ५ लाख ६० हजार, वर नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत, म्हणजे ८० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव सोबत लावलं की ती सवलत जाते. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर घेणाऱ्यानेच एक टक्का टीडीएस भरायचा असतो, आणि विकणारा परदेशात राहणारा असेल तर नियम वेगळे आणि कपात बरीच जास्त. या गोष्टी टोकनच्या आधी सांगायच्या, नंतर नाही. आणि कुणी 'एवढे व्हाइट, एवढे कॅश' म्हणालं तर तिथेच थांबायचं. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे आणि घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. तुमच्या ओळखीवर विसंबून कुणी पिशवी घेऊन आला, तर उद्या नोटीस आल्यावर तो तुमचंच नाव घेणार.

भाड्याच्या कामातली एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मालक फोनवर म्हणेल, 'आडनाव विचारा, मगच घर दाखवा.' कुणाला मुसलमान नको, कुणाला एकटी मुलगी नको, कुणाला मांसाहारी नको, कुणी जात सरळ न विचारता गाव विचारतो. आणि हे समोरच्या माणसाला सांगायचं काम तुमच्यावर टाकतो. एका चांगल्या नोकरीतल्या मुलाला 'ते घर गेलं हो' असं सांगताना, ते गेलेलं नाही हे तुम्हालाही माहीत असतं आणि त्यालाही. वडील म्हणतात ते खोटं बोलणं सगळ्यात जास्त वेळा इथे घडतं, आणि यात कुणाला ते खोटं वाटतही नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मी मालकांना सांगते: पगार बघा, आधीच्या घरमालकाशी बोला, करार नोंदवा, पोलिसांकडे माहिती द्या. आडनावावरून घर नाकारायचं असेल तर दुसरा एजंट बघा. यामुळे माझ्याकडून काही इमारती गेल्या. ज्या राहिल्या तिथले मालक वर्षानुवर्षं टिकले. तुम्ही काय करणार ते या धंद्यात येण्याआधी ठरवा. फोन चालू असताना ते ठरत नाही.

आता कायदा. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्प आणि एजंट यांच्यावर नियमन करणारा कायदा, २०१६ चा; महाराष्ट्रात त्याचं प्राधिकरण महारेरा २०१७ पासून. रेरात नोंदलेल्या प्रकल्पातलं घर विकायला एजंटची स्वतःची नोंदणी लागते, ती पाच वर्षांची असते, आणि ज्या प्रकल्पाची नोंदणी हवी असून झालेलीच नाही तो विकायचा नाही. मोडलं तर दिवसाला १० हजार रुपयांप्रमाणे दंड, मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. २०२३ पासून महाराष्ट्रात एजंटला वीस तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली, परीक्षा आयबीपीएस, म्हणजे बँक भरतीच्या परीक्षा घेणारी संस्था, घेते. अभ्यास अवघड नाही. तुम्ही सुरुवातीला फक्त भाड्याचं आणि जुन्या फ्लॅटांचं काम करणार असाल तरी ही परीक्षा द्या. कार्पेट एरिया म्हणजे नेमकं काय, करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, हे तुम्हाला पाठ हवं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाचं पान असतं. ताबा कधी द्यायचं कबूल केलं होतं, मुदत किती वेळा वाढवली, कोर्टात दावे आहेत का, जमीन गहाण आहे का. एजंट म्हणून हे पान न वाचता साइट दाखवायला नेणं म्हणजे तुमच्या भाषेत औषधाचं लेबल न वाचता डॉक्टरांना सँपल देणं.

तुमच्या एमआरच्या अनुभवाचं काय? काही गोष्टी अगदी जुळतात. डॉक्टरांच्या केबिनबाहेर तास-तास बसून दोन मिनिटांत आपलं सांगायचं, नकार मिळाला तरी पुढच्या पंधरवड्यात हसत परत जायचं, रोजचा रिपोर्ट लिहायचा. इथे बहुतेक लोक दोन-तीन नकारांनंतर फोन करायचं सोडतात. तुम्ही सोडणार नाही. एक मोठा फरकही आहे. डॉक्टर औषध लिहून देतो तेव्हा त्याच्या खिशातून काही जात नाही. इथे समोरचा माणूस वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेत असतो, बायको-नवऱ्याचं एकमत नसतं, सासूबाई कोपऱ्यात बसून काही न बोलता सगळं ठरवत असतात. तुम्हाला बोलणं येतं. इथे गप्प बसून ऐकणं जास्त लागतं. घर बघताना बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून किती वेळ बाहेर बघते आणि नवरा पार्किंग मोजतो की नाही, यावरून मला पुढचं कळतं. ते शिकायला वेळ लागतो, पण शिकता येतं.

सण आणि सुट्ट्या घरच्यांशी आधी बोलून घ्या. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या दिवशी लोक बुकिंग करतात, म्हणजे तुम्ही घरी नसणार. पितृपक्षात फोन वाजत नाही. तो पंधरवडा कोरडा जाणार हे धरूनच वर्षाचा हिशोब मांडायचा. बायकांपैकी कुणी हे वाचत असेल तर एक सांगते: रिकामा फ्लॅट अनोळखी माणसाला एकटीने दाखवायचा नाही. मी आधी त्याचा फोन नंबर आणि ओळखपत्राचा फोटो मागते, वॉचमनला सांगून वर जाते, आणि दार उघडंच ठेवते. ज्याला हे खटकतं तो ग्राहक नव्हे.

तुम्हाला नेमकं काय करायला सांगू? राजीनामा आत्ता नको. आधी नियुक्तीपत्र वाचा, नोकरीत असताना दुसरं उत्पन्न घ्यायला बंदी असेल तर कमिशन घेऊ नका, फक्त शिका. तीन-चार महिने रविवार द्या. हडपसर-मगरपट्टा-अमानोरा हा भाग तुमच्या पायाखालचा आहे, त्यातल्या एकाच पट्ट्यातल्या सगळ्या इमारती पाठ करा: वर्ष, पाणी, देखभाल खर्च, भाडं, शेवटचा व्यवहार केवढ्याला झाला. मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, बघायला शिका, म्हणजे जाहिरातीतला भाव आणि नोंदलेला भाव यातलं अंतर दिसेल. एक दिवस रजा टाकून हवेलीच्या एखाद्या दुय्यम निबंधक कार्यालयात नुसतं बसा. कुणाचं काम कशावरून अडतं ते ऐका. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे, आणि आता ते अंगठा देऊन घरबसल्या होतं. ते काम हाताने करून बघा. भागातल्या एखाद्या जुन्या एजंटच्या मागे फिरायची परवानगी मागा. माझ्याकडे अशी मुलं येतात. दोन महिन्यांत निम्मी सांगतात की हे आपलं काम नाही, आणि मला ते अपयश वाटत नाही.

भांडवल विचारलंत. वर्षाचा घरखर्च हेच खरं भांडवल. बाकी महारेराची नोंदणी, पेट्रोल, एक-दोन पोर्टलवरची जाहिरात, चांगला फोन. ऑफिस पहिली दोन वर्षं नको. भाडं भरायचं म्हणून व्यवहार उरकायची घाई होते, आणि पैशाची निकड असली की माणूस कसा गप्प बसतो ते मी वर सांगितलंच. नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: कोण आलं, काय दाखवलं, कोणता दोष सांगितला. दोष सांगितल्याची तारीख लिहून तोच मजकूर ग्राहकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा.

बाजू कोणती निवडावी, यावर शेवटी माझं एक सुचवणं आहे, आणि ते चॅनेल पार्टनरचं नाही. तुम्ही पूर्व पुण्यातले डॉक्टर आणि केमिस्ट आठ वर्षं ओळखता. दवाखान्याला आणि मेडिकलच्या दुकानाला भाड्याने जागा शोधून देण्याचं काम बहुतेक एजंट अर्धवट करतात, कारण त्यांना तो व्यवसाय कळत नाही. किरकोळ औषधविक्रीच्या परवान्याला किमान १० चौरस मीटर जागा लागते, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. साडेनऊ चौरस मीटरचा गाळा दाखवून दोन्हीकडचा महिना वाया घालवणारे एजंट मी पाहिले आहेत. कोणत्या चौकात बालरोगतज्ज्ञ चालेल, कुठल्या गल्लीत आधीच चार मेडिकल आहेत, वर दवाखाना असेल तर खालच्या दुकानाचं भाडं किती जास्त परवडतं, हे तुम्हाला आजच माहीत आहे. शिकायचं राहतं ते डिपॉझिट, लॉक-इनची म्हणजे करार मोडता न येण्याची मुदत, दरवर्षीची भाडेवाढ, सोसायटीची हरकत, आणि गाळ्याचा मंजूर वापर दुकानाचा आहे की नाही हे नकाशावर बघणं. हे सहा महिन्यांत येईल. व्यवहार लहान, पण डॉक्टर एकदा जागेत बसला की दहा वर्षं तिथेच राहतो, आणि घर घ्यायची वेळ आली की आधी तुम्हालाच फोन करतो.

पहिल्या गाळ्याचा करार करायच्या आधी मसुदा मला पाठवा. लॉक-इनचं आणि डिपॉझिट परतीचं कलम मी वाचून देईन.